४५ डिग्रीवाल्यांनी बर्फातल्या जंगलाचे फोटो कसे काढावेत?

तापीकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

जानेवारीअखेर नारकंड्याला जायचं जवळपास पक्कं केलंय. शिमल्याच्या पुढे साठेक किलोमीटर, उंची २७०० मीटरच्या आसपास, देवदार आणि कैलचं जंगल, आणि वर हाटू शिखर, ते ३४०० मीटर. हाटूचा रस्ता बर्फात बंद असतो म्हणे, म्हणजे पायीच. जाण्याचं कारण एकच, बर्फातल्या जंगलाचे फोटो.

सातपुडा मी बऱ्यापैकी पिंजून काढलाय, पाल, यावल अभयारण्य, मनुदेवी, तोरणमाळ, इकडे खाली पाटणादेवी. आपल्या जंगलाचा पावसाळा बघावा, प्रश्नच नाही. पण जानेवारीनंतर साग झडायला लागतो, सगळं एकाच मातकट रंगाचं होतं आणि फ्रेममध्ये काय ठेवायचं नि काय टाळायचं याचीच मारामारी. झुडपं, वाळक्या काटक्या, वेफरची पाकिटं. बर्फातल्या जंगलाचे फोटो बघितले की वाटतं हा सगळा पसारा झाकला गेलाय आणि खोडं तेवढी उरलीयेत. मला ते फार खुणावतंय.

घरातून प्रश्न आला, "पांढऱ्यावर पांढरं, त्यात फोटो कशाचा काढणार?" यावर मला धड उत्तर देता आलं नाही. तर ज्यांनी काढलेत त्यांनी सांगा, खरंच मजा येते की नुसती थंडी वाजते? आणि कॅमेरा कसा सांभाळायचा तेही सांगा, माझा कॅमेरा जळगावच्या मे महिन्यात घडलेला आहे, त्याला शून्य डिग्री माहीत नाही.

शेवभाजी

जागा धरून ठेवतो. बाकी फोटो नसलेला फोटोचा धागा पहिल्यांदाच बघून राहिलो भो.

प्रकाशछिद्र

वहिनींचा प्रश्न बरोबर आहे आणि कॅमेऱ्यालाही नेमका तोच पडतो.

कॅमेऱ्याचं मीटर असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. ताजा बर्फ फेकतो ८० ते ९० टक्के. मग मीटर घाबरतं, केवढा हा उजेड, आणि एक्स्पोजर खाली ओढतं. झालं, बर्फ करडा आणि देवदार काळाठिक्कर. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग, प्लस एक ते प्लस दोनच्या मधे कुठेतरी ठेवायचं. नेमकं किती ते फ्रेममध्ये बर्फ किती नि झाडं किती यावर ठरतं, त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार नि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, बघत राहायचं, त्यातला डोंगर उजवीकडे सरकला पाहिजे पण भिंतीला चिकटता कामा नये. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, हे सांगायला नकोच.

दुसरं म्हणजे रंग. उन्हातला बर्फ पिवळसर आणि सावलीतला निळा येतो, कारण सावलीत ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. लोक घरी येऊन तो निळा पार पुसून टाकतात. थोडा राहू द्या, सगळंच दुधाळ केलं की फोटोतली थंडी जाते.

ऑटोफोकस कोऱ्या बर्फावर भरकटतो, खोडाच्या कडेवर धरा. बर्फ पडत असताना शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवलं की कण जागच्या जागी थिजतात, १/३० ते १/६० ला रेघा होतात, दोन्ही करून बघा. फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर लेन्सजवळच्या कणांचे पांढरे गोळे येतात आणि मागचं जंगल गायब.

जिनिंगवाला

प्रकाशछिद्र भाऊ, मीटरचं जे सांगितलं ते शिकायला शिमल्याला कशाला जायला पाहिजे? आमच्या जिनिंगच्या कंपाउंडात या सकाळी आठ वाजता. कापसाचा ढीग उन्हात असा चमकतो की डोळे मिटावे लागतात. त्याचा फोटो नीट काढता आला म्हणजे बर्फाचा आलाच. फक्त बिडी-काडी गेटवर ठेवून या आणि ट्रॅक्टरच्या मधे उभं राहू नका.

तापीकाठचा (धागाकर्ता)

हे डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी येतोच.

खडूस_नाना

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

बर्फातल्या जंगलाचे जे फोटो आपण बघतो त्यातले शंभरातले नव्वद एकच फोटो आहेत. वरून ड्रोन, मधे काळा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरी झाडं. नाहीतर भाड्याचा लाल ओव्हरकोट घातलेली माणसं बर्फ उधळताना. झाडावर बर्फ पडला की झाड सुंदर दिसतंच, त्यात फोटोग्राफरचं काय कर्तृत्व? अन् तुम्ही म्हणता पसारा झाकला जातो. जंगल म्हणजे पसाराच ना राजेहो. पाला, वाळवी, काटक्या, त्यातच सगळा कारभार चालतो. तो झाकला गेल्यावर उरतं ते कॅलेंडर.

मला यावलच्या जंगलातला मार्चमधला उघडा साग जास्त आवडतो. त्याचा चांगला फोटो काढणं अवघड आहे, म्हणून.

शेवभाजी

नाना आले, आता धागा शंभरी गाठतो :)

अमळनेरची_लेक

नाना, अर्धं पटलं. मी गेली काही वर्षं फिनलंडमध्ये आहे, घराच्या मागेच पाइन आणि बर्चचं जंगल आहे, आणि पहिल्या हिवाळ्यात मीही तीच कॅलेंडरं छापली. आईला पाठवली, आई म्हणाली छान आहे, स्वेटर घाल.

पण नंतर जे दिसायला लागलं ते ऐका. आपल्याकडे जंगलात उजेड वरून येतो, बर्फात खालूनही येतो. जमीनच एवढी उजळ असते की फांद्यांच्या पोटाला, खोडाच्या खालच्या बाजूला, माणूस उभा असेल तर त्याच्या हनुवटीखाली मऊ उजेड पोचतो. सातपुड्यात भर दुपारी झाडाखाली जी काळीकुट्ट सावली पडते तिच्यात आपण काहीच वाचवू शकत नाही, इथे त्या सावलीतसुद्धा सालीची भेग न् भेग दिसते. बर्चच्या पांढऱ्या खोडावर कागदासारखे पापुद्रे निघालेले असतात, एकदा एका पापुद्र्याच्या आत भुरभुरीत बर्फ अडकलेला होता आणि मागून उजेड येऊन तो पापुद्रा नारिंगी झालेला. बोटभर जागा, त्यात अख्खी सकाळ गेली माझी.

आणि नाना, पसारा झाकला जातो हेही पूर्ण खरं नाही, उलट एरवी न दिसणारा दिसायला लागतो. रात्रीतून ससा कुठून कुठे गेला, कुठे थांबला, कोल्हा त्याच्या मागे होता का, सगळं सकाळी लिहून ठेवलेलं असतं. उन्हाळ्यात याच जंगलात मला यातलं काही कळत नाही.

डिसेंबरात इथे दिवस जेमतेम असतो. उत्तरेला रोवानिएमीला तर सूर्य क्षितिजाला हात लावून परत जातो, तिथे काही तास सगळं निळं-गुलाबी आणि मग अंधार. लॅपलंडच्या टेकड्यांवर झाडांवर बर्फ आणि दहिवराचे थर चढत चढत झाडच दिसेनासं होतं, नुसते पांढरे बुजगावणे उभे असतात, त्याला इथे तुक्क्यू म्हणतात. पण तिथलं गणित हिमाचलला लावू नका. इथे सूर्य खाली असतो, थंडी टिकून असते, बर्फ फांदीवर कितीतरी दिवस राहतो. हिमाचलमध्ये ऊन कडक, बर्फ पडून आकाश मोकळं झालं की सकाळी दहा-अकरापासून फांद्या रिकाम्या व्हायला लागतात. म्हणजे बर्फ थांबल्यानंतरची पहिली सकाळ, ऊन यायच्या आधी. हॉटेलातला नाश्ता सोडा.

रोहिणी_शिरपूर

काय सुंदर लिहिलंय ताई. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. मोबाइलवाल्यांनी काय करायचं? की आम्ही नुसतं प्रचि (प्रकाशचित्रं) बघून छान म्हणायचं :)

प्रकाशछिद्र

रोहिणीताई, मोबाइललाही तेच लागू. स्क्रीनवर झाडावर बोट ठेवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर ओढा, बर्फ पांढरा होतो. एवढंच. फरक बॅटरीचा आहे, थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ४० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. आतल्या खिशात अंगाशी धरला की परत सुरू होतो. ॲपलवाले तर आयफोन ० ते ३५ डिग्रीतच वापरा म्हणतात.

शेवभाजी

म्हणजे आपल्याकडे मार्चपासून आयफोन माळ्यावर टाकायचा.

फौजी_आप्पा

नोकरीतली बरीच वर्षं बर्फात गेली, पोस्टिंगची ठिकाणं सांगत नाही. फोटो काढायला मजा आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मला बर्फ म्हटलं की आधी मोजे आठवतात. ओले मोजे अंगावर ठेवायचे नाहीत, ही पहिली गोष्ट. दुसरी जोडी पोटाशी.

कामाचं सांगतो. फर किंवा देवदाराच्या खालच्या फांद्या बर्फात टेकलेल्या दिसल्या की बुंध्याच्या अगदी जवळ जायचं नाही. फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ नीट भरत नाही, आत भुसभुशीत पोकळी असते, वरून कळत नाही आणि माणूस कमरेपर्यंत, कधी त्याहून खोल आत जातो. फोटोवाले अँगल बघत मागे मागे सरकतात त्यांनी तर जास्तच जपायचं. नवीन बर्फ भरपूर पडलेला असेल तर पुढचे एक-दोन दिवस उघड्या चढावर जाऊ नका. ३० ते ४५ अंशाचा उतार सगळ्यात वाईट, हिमस्खलन बहुतेक तिथेच होतं. दाट झाडीत त्यामानाने बरं, पण तुमचं ते शिखर वगैरे आहे त्याला स्थानिक माणूस सोबत घ्या. गॉगल लावा, ढग असले तरी लावा, नाहीतर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं.

बॅटरीबद्दल भाऊने सांगितलं ते बरोबर, आम्ही वायरलेस सेटच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आत घेऊन झोपायचो.

बाकी जपीसन जाय भाऊ.

तापीकाठचा (धागाकर्ता)

आप्पा, नमस्कार. बुंध्याजवळच्या पोकळीचं कुठेच वाचलं नव्हतं. लिहून घेतलं.

केळीवाला_रावेर

तुमचं चालू द्या, पण थंडी थंडी म्हणून नाचून राहिले म्हणून दोन शब्द. तिकडे हिमाचलात बर्फ पडला की टीव्हीवाले खूश, टुरिस्ट खूश, आणि दोन दिवसांनी इकडे रावेर-यावलात आमच्या पोटात गोळा. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवण अडकते, घड बाहेर यायचा तो आतच गुदमरतो. मग रात्री विहिरीचं पाणी द्या, ते जरा कोमट असतं, बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करा, कडेला शेवरी नाहीतर गजराज गवत लावलेलं असेल तर वारा अडतो. रात्रभर बागेत.

आणि पांढरी जमीन आम्हीही बघितली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. वावर पांढरं झालेलं, मक्का झोपलेला, आणि मीही मोबाइल काढून फोटो काढत होतो, पंचनाम्यासाठी. फोटो चांगले आले होते हो. आजही फोनमध्ये आहेत.

हवामानवेडा

केळीवाला भाऊ, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडात हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो मुख्यतः त्यांच्यामुळेच. झंझावात पुढे सरकला की आकाश मोकळं होतं आणि उत्तरेकडचे थंड कोरडे वारे खाली यायला लागतात. मधे अडवायला काही नाही, त्यामुळे धुळे-जळगाव-निफाड गारठतं. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा बातम्यांत यायला लागला म्हणजे तिकडे पडून गेलेलं असतं असं समजा.

धागाकर्त्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा की तिकीट महिनाभर आधी काढलं तरी बर्फ मिळेलच याची खात्री नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसारखं गुलमर्ग कोरडं पडलं होतं, तेही चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे जे ४० दिवस काश्मीरात सगळ्यात कडक मानतात त्यात. बर्फ आला तो जानेवारी संपता संपता. जमलं तर दोन-तीन दिवस मागेपुढे करता येतील अशी सुट्टी ठेवा आणि झंझावाताचा अंदाज बघून निघा.

केळीवाला भाऊ, अजून एक, नारकंड्याच्या आसपास, कोटगढ-ठाणेदारला सगळ्या सफरचंदाच्या बागा. तिथला बागायतदार बर्फ पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो, रॉयल डेलिशियससारख्या जुन्या जातींना ७ डिग्रीच्या खाली हजारेक तास मिळाले नाहीत तर फुलोराच नीट येत नाही.

केळीवाला_रावेर

घ्या! म्हणजे त्याचं भलं तेव्हा आमचं वाटोळं. जाऊद्या, दोघांनी भाव पडला की रडायचंच आहे.

साक्रीचा_पोऱ्या

मी बी येस तुमनासंगे. खर्चानं काय ते सांगा :)

यात्रिक

जायचं कसं यावर कोणीच बोललं नाही. जळगाव किंवा भुसावळहून पंजाब मेल पकडून दिल्ली, तिथून कालका, मग ती छोटी गाडी. १९०३ पासून चालू आहे, ९६ किलोमीटर, आणि बर्फ खालीपर्यंत आला असेल तर शिमल्याच्या अलीकडेच खिडकीतून फोटो सुरू होतात. शिमल्यातून नारकंड्याला बस आहे पण बर्फात रस्ता अडतो, एक दिवस हातचा ठेवा. गमबूट तिथे भाड्याने मिळतात, टाचेला लावायचे काटे मात्र आपले न्या, गोठलेल्या रस्त्यावर गमबूट काही कामाचा नाही.

चाळीसगावकर

पंजाब मेलचं नाव निघालं आणि फोटोग्राफीचा धागा आहे, तरी अजून केकी मूस यांची आठवण कोणालाच झाली नाही? कमाल आहे खान्देशींची.

आमच्या चाळीसगावात स्टेशनजवळ त्यांचा बंगला आहे, आता संग्रहालय. १९१२ चा जन्म, पंजाब मेलही त्याच वर्षी सुरू झाली. ऐन तारुण्यात माणसाने स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत जवळपास पन्नास वर्षं क्वचितच बाहेर पडला. प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून गाडीच्या वेळेला रोज दार उघडायचे असं गावात सांगतात. आणि घरात बसून करायचे काय, तर टेबलटॉप फोटोग्राफी. टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की बघणाऱ्याला मोठा देखावा वाटावा. देशोदेशीच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली त्या फोटोंनी.

सांगायचा मुद्दा, बर्फातलं जंगल पाहिजे तर टेबल पुरतं. ज्वारीचं पीठ चाळणीने भुरभुरवा, तुरीच्या वाळक्या काड्या खोडं म्हणून उभ्या करा, खिडकीचा उजेड एका बाजूने. आमच्या पोराने शाळेच्या प्रोजेक्टला केलं होतं, सोसायटीतले लोक विचारत होते मनाली का.

खडूस_नाना

चाळीसगावकर, हे मला आवडलं. याच्यात कर्तृत्व आहे.

शेवभाजी

पिठाची नंतर भाकरी पण होते. पैसे वसूल.

सातपुडा_भटक्या

मी दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत अक्कलकुव्याकडे, डाबच्या बाजूला जातो. व्हॉट्सॲपवर "सातपुड्यात बर्फवृष्टी" म्हणून जे फिरतं ना ते बर्फ पडणं नसतंच, गोठलेलं दव असतं. पण म्हणून कमी समजू नका. आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि थंडीची लाट असली की रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते, थंड हवा जड म्हणून खोलगट भागात साचते, आणि मोबाइलवर तापमान तीन-चार दिसत असलं तरी गवताला चिकटून शून्य झालेलं असतं. उंच तोरणमाळलाही होतं, ११५० मीटर आहे ते, पण माझा अनुभव असा की टेकाडापेक्षा खालच्या सपाट जागी जास्त सापडतं.

तिथे काय दिसतं सांगतो. गवताच्या पात्याच्या कडेला मिठाच्या खड्यांसारखे कण उभे, पात्याच्या मधे मात्र काही नाही, नुसती कड आखून दिल्यागत. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर, गाडीच्या टपावर, ठिबकच्या नळीवर. गवताच्या पेंढ्यांवर तर एवढं जमतं की लांबून चुना सांडल्यागत दिसतं. पण ऊन टेकडीवर आलं की संपलं, अर्ध्या तासात सगळं पाणी. त्यामुळे अंधारातच पोचायचं, जागा हेरून ठेवायची, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, ट्रायपॉड खाली जमिनीला लावून, आणि उजेड मागून घ्यायचा. श्वास लेन्सवर सोडायचा नाही, काच धुरकट होते आणि पुसण्यात वेळ जातो. शेतात जाण्याआधी मालकाला विचारा, वाफे तुडवू नका. तिथले लोक फार प्रेमळ आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, पण त्यांचं नुकसान होत असतं त्या दवाने हे लक्षात ठेवून दात काढा.

अमळनेरची_लेक

भटक्या दादा, हे मला माहीतच नव्हतं! पुढच्या वेळी माहेरी हिवाळ्यात येते.

मॅक्रोवरून आठवलं, बर्फाच्या कणांचे फोटो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून काढणारा बेंटली नावाचा माणूस अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी होता. १५ जानेवारी १८८५ ला पहिला फोटो जमला, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. आयुष्यभरात ५००० च्या वर कण टिपले. बिनशेकोटीच्या पडवीत काम करायचा, काळ्या फळीवर कण झेलायचा आणि श्वास रोखून भिंगाखाली सरकवायचा. गावातले लोक हसायचे म्हणे.

धागाकर्ते, नारकंड्यात बर्फ भुरभुरत असेल तर हे नक्की करा, काळा लोकरी हातमोजा पुढे धरा आणि मोबाइलला चिमटा लावायची स्वस्तातली मॅक्रो लेन्स लावून बघा. फार कोरडी, फार स्थिर थंडी असेल तरच सहा पाकळ्यांचे नीट तारे मिळतात, नाहीतर नुसते चुरगळलेले गोळे. पण मिळाला तर वेड लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. बाहेरून हॉटेलच्या उबदार खोलीत कॅमेरा तसाच आणू नका. थंड धातूवर आणि काचेवर खोलीतली दमट हवा पाणी होऊन बसते, लेन्सच्या आतसुद्धा. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, हवा दाबून काढा, मग आत न्या आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नका. पाणी मग पिशवीवर बसतं, कॅमेऱ्यावर नाही. फोटो बघायची घाई झालेली असते म्हणून कार्ड आधी काढायला सांगितलं :)

रोहिणी_शिरपूर

नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो डाब आपल्याला परवडतं, नारकंडा तू स्वप्नात कर.

तापीकाठचा (धागाकर्ता)

जिनिंगवाला भाऊंकडे जाऊन आलो. रिपोर्ट देतो.

सकाळी साडेआठचं ऊन, ढीग माझ्या दुप्पट उंच. शून्यावर फोटो काढला तर कापूस मळकट करडा, ढिगावर उभा असलेला गडी तर नुसती सावली, अगदी प्रकाशछिद्र म्हणाले तस्सं. प्लस एकला बरं. प्लस एक पूर्णांक तीनला मजा आली, बोंडातून सुटलेले तंतू वेगवेगळे दिसायला लागले आणि मधे मधे अडकलेल्या वाळक्या पानांचे तपकिरी तुकडे, सावलीच्या बाजूला हलका निळा. प्लस दोनला उन्हाची बाजू सपाट पांढरी, तंतू गेले. मग ढिगाचा थोडाच भाग आणि मागे काळं शेड असं घेतलं, तर तिथे प्लस एक सुद्धा जास्त झालं. म्हणजे आकडा पाठ करून उपयोग नाही, दर फ्रेमला बघावंच लागणार.

आणि खरं सांगतो, तिथे तासभर राहिलो त्यात एका फोटोचा नादच लागला. ढिगाचा उतार आणि त्यावर गड्याच्या पायांचे खड्डे वर चढत गेलेले, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी निळसर सावली. बाकी फ्रेममध्ये काहीच नाही. घरी दाखवला, आता प्रश्न आला, "हे बर्फ आहे का?"

अमळनेरच्या ताई खालून येणाऱ्या उजेडाबद्दल म्हणाल्या तेही दिसलं तिथे, गड्याच्या टोपीखाली चेहरा भर उन्हात स्वच्छ आला. त्याला मोबाइलवर पाठवला, त्याने लगेच डीपी ठेवला.

जिनिंगवाला

तो गडी आता सगळ्यांना दाखवून राहिला. उद्यापासून फोटोवाल्यांना गेटवर तिकीट लावतो :)

खडूस_नाना

तापीकाठचे, तो पायांच्या खड्ड्यांचा फोटो इथे डकवा. तेवढाच बघायचाय मला. नारकंड्यालाही असंच करा, एक वळण, एक पाच-पंचवीस झाडांचा तुकडा धरा आणि सगळे दिवस तिथेच जा. हाटूबिटूच्या मागे लागू नका. चार दिवसांत चार ठिकाणं केली की कॅलेंडर, एका ठिकाणी चार दिवस घातले तर काहीतरी हाती लागेल. बर्फ पडण्याआधी, पडताना, थांबल्यावर, आणि वितळून चिखल झाल्यावर. चिखलाचे जरूर काढा, ते कोणी काढत नाही.

प्रकाशछिद्र

नानांना अनुमोदन, हे माझ्याकडून लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं. झूम लेन्स एकच न्या, २४-१०५ सारखी काहीतरी, बर्फ पडत असताना लेन्स बदलणं टाळा. हूड लावा. ट्रायपॉडचे पाय बर्फात दाबून बसवा, आणि संध्याकाळी पुसून कोरडे करून मगच मिटा, नाहीतर आत शिरलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी पाय उघडत नाहीत.

फौजी_आप्पा

नाना म्हणतात ते सुरक्षितही आहे. रोजची एकच वाट असली की हॉटेलवाल्यालाही माहीत राहतं माणूस कुठे गेला.

केळीवाला_रावेर

ते सफरचंदवाले भेटले तर विचारा, गारा पडतात तेव्हा ते बागेवर जाळी टाकतात ती कितीला पडते. एकरी भाव विचारा. आणि जाळीचे दोन फोटो काढून आणा, गाठ कशी मारतात ते दिसेल असे, जवळून.

तापीकाठचा (धागाकर्ता)

नक्की काढतो भाऊ. नाना, एकाच जागेचं पटलं, हाटू रद्द. घरच्यांना अजून सांगितलं नाही.

सातपुडा_भटक्या

त्याआधी डाबला चला सगळे. हवामानवेडा भाऊ लाट कधी ते सांगतील, त्या शनिवारी रात्री निघू. मोलगीला तीन वाजता चहा.

रोहिणी_शिरपूर

आमची गाडी येतेय, दोन जागा रिकाम्या आहेत, शिरपूर ते डाब. भरीत आणि कळण्याच्या भाकरी माझ्याकडून.

शेवभाजी

एक जागा माझी. कॅमेरा नाही, भूक आहे.